कुरणावरची हजेरी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात, शनिवार पेठ, पुणे येथे एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस आपल्या शाळेच्या हजेरीपटाला सर्वांत वाईट जातात, ही गोष्ट येथे बसलेल्या प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक आहे. सहामाही परीक्षा तोंडावर असते आणि नेमका त्याच वेळी बाजार भरात येतो. कुणाच्या दुकानात गिऱ्हाईक आवरत नाही, कुणाच्या घरी शिलाईचे गठ्ठे येऊन पडतात, कुणाच्या मामूंना हातगाडीवर एक पोरगा हवा असतो. मुलगी असेल तर धाकटी भावंडे तिच्या गळ्यात पडतात, कारण अम्मी मशीनवर बसलेली असते. "चारच दिवस, सर," असे सांगितले जाते. चाराचे चौदा होतात. सुटी संपून शाळा उघडते तेव्हा त्यांतली काही मुले परत येतच नाहीत. या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले आहे. उपदेश तुम्ही पुष्कळ ऐकले आहेत. म्हणून मी आज एका टेकडीची हकीकत सांगणार आहे. टेकडी आपल्या महाराष्ट्रातलीच आहे, पण हकीकत ऐकताना आपला मोहल्ला डोळ्यांसमोर ठेवावा, ही विनंती.

येथून पायी गेल्यास लक्ष्मी रस्त्यावर मुलींची हुजूरपागा शाळा लागते. १८८४ साली निघालेली ही जुनी शाळा तुम्हा सर्वांना माहीत आहे. या शाळेत अनुताई वाघ नावाच्या एक शिक्षिका होत्या. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य स्वयंपाकघराच्या अंधारातच संपायचे. घरच्यांनी त्यांना शिकू दिले. त्या शिक्षिका झाल्या आणि हुजूरपागेत त्यांनी दहाहून अधिक वर्षे शिकवले. पुण्यातली चांगली नोकरी, ओळखीची माणसे, सारे काही बरे चालले होते. १९४५ साली ते सोडून त्या ताराबाई मोडकांबरोबर ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्या. (आता तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो, हा जिल्हा २०१४ साली वेगळा झाला.)

ताराबाईंबद्दल थोडे सांगतो. १८९२ चा जन्म. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांनी आपल्याकडे आणली, पण एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. ती सुंदर, गुळगुळीत, महागडी लाकडी साधने शहरातल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांपुरतीच राहत होती. खेड्यातल्या मुलाचे काय? म्हणून साठीकडे झुकलेल्या वयात ताराबाईंनी बोर्डी गाठली आणि डिसेंबर १९४५ मध्ये तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, मातीचे गोळे आले. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीजवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई १९९२ साली वारल्या तोवर तेथेच राहिल्या.

कोसबाडच्या आसपासची वस्ती मुख्यत्वे वारली समाजाची. कुर्त्यावर आणि भेटकार्डावर जी पांढरी वारली चित्रे आपण पाहतो, ती याच लोकांची. चित्रे आपण कौतुकाने विकत घेतो. ती काढणाऱ्यांची मुले वर्षातले किती दिवस शाळेत जात असतील, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

तिकडचा आश्विन-कार्तिक कसा असतो, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. पावसाळा सरला की माळावरचे गवत वाढून पिवळे पडू लागते. हळवा भात आधी कापणीस येतो, गरवा त्याच्या मागून. विळा धरता येतो ते प्रत्येक माणूस घराबाहेर असते. गवत कापायचे, भारे बांधायचे. हे गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जायचे आणि त्यावर मोठा व्यापार चालायचा. मोठी माणसे कामावर गेली म्हणजे मुलांच्या वाट्याला तीन कामे येत: उभ्या पिकावरची पाखरे हाकणे, गुरे पिकात शिरू न देणे आणि धाकट्याला कडेवर घेऊन फिरणे. भात घरात आल्यावर गुरे मोकळी सोडता येतात. कापणीपूर्वी ती सुटली तर वर्षाचे अन्न जाते. म्हणून गुराख्या पोराची गरज याच दिवसांत सर्वांत जास्त असते. भात खळ्यावर आला, नवे धान्य घरात शिरले की मग तारपा वाजतो, नाच होतो. कणसरी म्हणजे धान्याची देवी, तिचे गुणगान होते. थोडक्यात, शाळेच्या भाषेत ज्याला आपण प्रथम सत्राची अखेर म्हणतो, ती त्यांच्या भाषेत वर्षाची कमाई पदरात पडण्याची वेळ असते.

ही कमाई किती तुटपुंजी होती, त्याचीही नोंद आहे. ताराबाई आणि अनुताई बोर्डीला गेल्या त्याच वर्षी, म्हणजे १९४५ साली, वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. गोदावरी परुळेकर यांनी आपल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्याची हकीकत सविस्तर लिहिली आहे. त्या शरदात झगडा गवतकापणीच्या मजुरीवरून चालला होता. मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपयांची. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अडीचएक महिन्यांतच बोर्डीची बालवाडी निघाली. अशा मुलखात शाळेची घंटा वाजवून "मुले का येत नाहीत?" असे विचारणाऱ्याला लोकांनी काय उत्तर द्यावे?

ताराबाई-अनुताईंनी हा प्रश्न उलट बाजूने धरला. मूल शाळेत नसते तेव्हा ते कुठे असते आणि काय करीत असते, याची त्यांनी आधी चौकशी केली. अगदी लहान मुले पाड्यावर, झोपडीच्या अंगणात असत. मग शाळा अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तुम्हा साऱ्या माताभगिनींच्या तोंडी आहे. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना निघाली आणि हा शब्द देशभर झाला. तो जन्मला येथे, मुलांना अंघोळ घालणाऱ्या, नखे कापणाऱ्या, केस विंचरणाऱ्या या बायांच्या कामातून. सहा-सात वर्षांच्या पुढची मुले कुरणावर असत. मग शाळा कुरणावर गेली. तिचे नाव कुरणशाळा. पाटी-पेन्सिल घेऊन शिक्षकांनी माळ गाठायचा, झाडाखाली मुले गोळा करायची. कुणी गुरांवर नजर ठेवायची, कुणी शिकायचे, मग पाळी बदलायची. मोजायला खडे आणि बिया, ओळखायला झाडे आणि पाखरे. गुराख्याला आपल्या कळपातली एक गाय कमी झाली तर न मोजता कळते. त्याला वजाबाकी शिकवायची नसते, त्याला येत असलेली वजाबाकी पाटीवर कशी लिहायची, तेवढे दाखवायचे असते.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दहा वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. तिला रागावून उपयोग नाही आणि तिच्या आईला रागावूनही नाही. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरवली गेली. नाव दिले विकासवाडी. भावाला घेऊन ये, तो पाळण्यात झोपेल, मधला बालवाडीत खेळेल, तू वर्गात बस. इतके साधे. या एका व्यवस्थेने किती मुलींना पाटी हातात धरता आली असेल, याचा विचार आपल्या संस्थेने जरूर करावा.

गुराखी म्हटले की आपण शहरातली माणसे नाक मुरडतो. आपल्याला ते शोभत नाही. आपले पैगंबर हजरत मुहम्मद (स.अ.स.) यांनी लहान वयात मक्केच्या लोकांच्या शेळ्यामेंढ्या राखल्या, हे आपण मीलादच्या मजलिशीत दरसाल ऐकतो. ऐकून घरी जातो आणि शेजारच्या भंगारवाल्याच्या पोराला मठ्ठ म्हणतो!

आता मोहल्ल्यात येऊ. मी गणिताचा शिक्षक नाही. मराठी आणि इतिहास शिकवतो. एकदा गणिताचे शिक्षक रजेवर असताना त्यांच्या जागी सहावीच्या वर्गावर गेलो होतो. दशांश अपूर्णांकांचा धडा चालू होता. २.८ आणि २.१० यांत मोठे कोणते? वर्गाने २.८ सांगितले, ते बरोबरच होते. एक मुलगा मात्र २.१० मोठे म्हणून अडून बसला. पोरे हसू लागली. त्याला विचारले, "का रे बाबा?" तो म्हणाला, "सर, दोन-आठचा चुडा दोन-दहावाल्या हातात जातच नाही." त्याचे घर मणियारांचे, बांगड्यांचे दुकान. बांगडीच्या मापात टिंबानंतरचा आकडा दशांशाचा नसतो, तो सोळाव्या भागाचा असतो, जुन्या रुपयाच्या आण्यांसारखा. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच, दोन-दहा म्हणजे त्याहून एक सूत मोठी. बारा झाले की पावणेतीन. मुलगा दुकानात रोज सोळाव्या भागाचा हिशेब करीत होता आणि वर्गात त्याला अपूर्णांक येत नव्हते. फळ्यावर दोन रकाने काढले, एकात दहावे भाग, दुसऱ्यात सोळावे भाग. मग तोच पोरगा उभा राहून बाकीच्यांना समजावून सांगू लागला. दुकानात शिकलेले आणि वर्गात शिकलेले यांची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते. ती आपोआप पडत नाही.

बोलीचेही असेच आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी दखनी उर्दू, कुणाच्या घरी कोकणी, खेड्यातून आलेल्या कित्येकांच्या घरी मराठीच. मूल निबंधात घरची धाटणी घेऊन आले की आम्ही शिक्षक मंडळी लाल शाई ओततो. घरी पालक म्हणतात, मराठी आपली नाही, म्हणून जमत नाही. हे दोन्ही मला पटत नाही. शाळेतलेच शब्द बघा. हजेरी, दाखला, कागद, शाई, तारीख, रजा. हे सगळे अरबी-फारसीतून मराठीत आलेले. आपण बसलो आहोत त्या शनिवार पेठेचेच जुने नाव मुर्तजाबाद. रविवार पेठ मलकापूर होती, सोमवार पेठ शहापुरा. घरची बोली आणि शाळेची मराठी यांच्यात भिंत असल्याचे मूल जन्मतः समजत नाही. ती भिंत आपण मोठी माणसे उभी करतो, दोन्ही बाजूंनी.

ही भिंत हट्टाने उंच केली तर काय होते, त्याचे एक उदाहरण फार दूरचे आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तेथे गोरे लोक येण्याच्या आधीपासून मिकमाक नावाचा समाज राहतो. मासेमारी आणि शिकार हा त्यांचा जुना व्यवसाय. आपल्या हिजरी सनाप्रमाणे तेही चंद्रावरून महिने मोजत आले, पण त्यांच्या महिन्यांची नावे ऋतूवरून पडलेली आहेत. सप्टेंबरच्या सुमाराचा महिना मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या हाकेचा, ऑक्टोबरचा जनावरे अंगावर चरबी धरतात त्याचा, पुढचा नद्या गोठू लागतात त्याचा. आपले रमजान आणि ईद दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. त्यांचे महिने ऋतूला बांधलेले. शरदात वाम मासा नद्यांतून समुद्राकडे निघतो, तो धरायचा. थंडीची बेगमी करायची. मुलांचे शिक्षण आजोबांच्या मागोमाग, होडीत आणि जंगलात चालायचे.

मग सरकारने आणि चर्चने मिळून या मुलांसाठी वसतिगृहाची शाळा काढली. शुबेनाकेडी या गावी १९३० पासून १९६७ पर्यंत ती चालली. मुलांना आईबापांपासून दूर नेऊन तेथे ठेवीत. आपली भाषा बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होई, मार बसे. पुष्कळ मुले परत आली ती आजीशी बोलता न येणारी होऊन. त्या शाळेत शिकलेली रिटा जो नावाची एक बाई पुढे मोठी कवयित्री झाली आणि आपली वाचा हिरावून घेतली गेल्याबद्दल तिने लिहिले. कॅनडाच्या सरकारने २००८ साली संसदेत अशा शाळांबद्दल जाहीर माफी मागितली. ज्या ऋतूत गाडी येऊन मुलांना उचलून नेई, त्याच ऋतूत, ३० सप्टेंबरला, आता तो सारा देश त्या मुलांची आठवण काढतो. २०२१ पासून तो राष्ट्रीय दिवस झाला आहे.

आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. मिकमाक लोक माफीची वाट पाहत बसले नव्हते. १९९८ साली त्यांनी संसदेकडून कायदा करवून घेतला आणि नोव्हा स्कोशियातल्या नऊ वस्त्यांच्या शाळांचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. एस्कसोनी नावाच्या गावी तर लहान मुलांची शाळा संपूर्ण मिकमाक भाषेत चालते. २०१५ पासून तिला वेगळी इमारत आहे. आणि त्या प्रांताने २०२२ साली कायदा करून मिकमाक ही या भूमीची पहिली भाषा असल्याचे मान्य केले. त्याच एस्कसोनीचे अल्बर्ट मार्शल हे ज्येष्ठ गृहस्थ मुलांना दोन डोळ्यांनी पाहायला सांगतात. एका डोळ्याने वाडवडिलांचे ज्ञान, दुसऱ्याने आजचे विज्ञान, आणि चालताना दोन्ही डोळे उघडे. आमच्या मणियाराच्या पोराने फळ्यावर तेच केले होते, असे मला वाटते.

मात्र येथे मला माझ्या उत्साहाला थोडा लगाम घातला पाहिजे. कोणी म्हणेल, सर, तुम्हीच सांगता की दुकानातही शिक्षण होते, तर मग पोराला दुकानातच राहू द्या! हा फार मोठा धोका आहे. कुरणशाळा ही गुराख्याला जन्मभर गुराखी ठेवण्यासाठी नव्हती. ती दार होती. मुलाला जेथे आहे तेथे गाठायचे आणि हळूहळू वर्गापर्यंत आणायचे, यासाठी तिचा खटाटोप. जो पालक बांगड्यांचे गणित दाखवून शाळा बुडवण्याचे समर्थन करील, त्याने कोसबाडची गोष्ट अर्धीच ऐकली.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. बालकामगारांच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. सूट आहे ती घरच्या धंद्यात मदत करण्यापुरती, तीही शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, आणि धोक्याचे काम असेल तर मुळीच नाही. वेल्डिंग, फटाके, रसायने यांच्याजवळ मूल दिसता कामा नये. मामूंची हातगाडी दुपारी बारा वाजता, शाळेच्या वेळेत, हीही त्या सुटीत बसत नाही.

सच्चर समितीने २००६ साली दिलेला आकडा मी मुद्दाम वर्गाच्या फळ्यावर लिहीत असतो: देशातल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच सुटली होती. चारातले एक. याला फार वर्षे झाली, कायदे नवे आले. तरी दिवाळीनंतर बाकावरच्या रिकाम्या जागा मोजताना तो आकडा मला आठवतो. ऊस तोडायला बीडकडून निघणाऱ्या कुटुंबांची पोरे, वीटभट्टीवर जाणाऱ्या पालघरच्या आदिवासींची पोरे, हीसुद्धा दसरा-दिवाळीच्या सुमारासच गावच्या शाळेतून नाहीशी होतात. हा हंगाम साऱ्या महाराष्ट्रातल्या गरिबाच्या पोराला शाळेपासून ओढतो, आपल्या एकट्यालाच नाही. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या. आपल्या मोहल्ल्यासाठी काय निघाले?

निघू शकते, याला पुण्याच्याच इतिहासात दाखला आहे. जोतिराव फुले लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्याच्या कामाला लावले होते. वडील काही दुष्ट नव्हते. काम होते आणि हात हवे होते. शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुनशी आणि लिजिट नावाचे एक साहेब यांनी मुलाची बुद्धी ओळखली, वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतिराव मिशनच्या शाळेत परत बसले. १८४८ साली त्यांनी बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. मुनशीसाहेबांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले नाही, सभा घेतली नाही. ते शेजाऱ्याच्या घरी गेले. आमच्या शिक्षकखोलीत त्यांची एक तसबीर असावी असे मला फार वाटते, पण त्यांचे चित्र कुठून आणणार!

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही गप्प बसून ऐकता आहात, तुमच्यासाठीही एक काम आहे. सहामाहीच्या आधी मराठीच्या वहीत प्रत्येकाने आपल्या घरच्या धंद्यावर दोन पाने लिहावीत. माल कुठून येतो, माप कोणते, हत्याराला घरी काय म्हणतात, अब्बा नफा कसा काढतात, अम्मी मशीनवर एका दिवसात किती नग उरकते. घरचे शब्द तसेच्या तसे लिहा. मी त्यांच्याखाली लाल रेघ मारणार नाही. ज्यांचे अब्बा रिक्षा चालवतात त्यांनी असे समजू नये की आपल्याकडे लिहिण्याजोगे काही नाही. पुण्यातले गल्लीबोळ रिक्षावाल्याइतके भूगोलाच्या शिक्षकालाही माहीत नसतात.

आता पालकांसाठी. अध्यक्षसाहेबांशी बोलून आम्ही चौघा शिक्षकांनी असे ठरवले आहे की दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून सहामाही परीक्षा संपेपर्यंत शाळेचे दोन वर्ग रोज रात्री आठ ते साडेनऊ उघडे राहतील. ज्या मुलांना शाळा सुटल्यावर दुकानात बसावे लागते, त्यांनी तेथून थेट यावे, डबा घेऊन आले तरी चालेल. दिवसाची शाळा मात्र बुडवायची नाही. रात्रीचा वर्ग दिवसाच्या बदली नाही. मुलींसाठी ही वेळ अवघड आहे, म्हणून त्यांचा वर्ग सायंकाळी साडेपाच ते सात, तळमजल्यावर. धाकट्या भावंडांना बरोबर आणावे. शेजारच्या खोलीत सतरंजी आणि खेळणी ठेवू. तेथे बसण्यासाठी रोज दोन माता हव्यात. सहा दिवसांच्या मिळून बारा माता. आतापर्यंत पाच जणींनी नावे दिली आहेत.

बाहेर जिन्याजवळच्या टेबलावर कागद ठेवले आहेत. मुलाचे किंवा मुलीचे नाव, इयत्ता, कामाचे ठिकाण आणि तेथून सुटण्याची वेळ, इतकेच लिहायचे आहे. ज्यांना लिहिण्याची अडचण असेल त्यांच्यासाठी नववीच्या चार मुली टेबलाशी बसल्या आहेत. त्या उर्दू किंवा मराठी, ज्यात सांगाल त्यात लिहून घेतील. आज जे पालक आलेले नाहीत त्यांच्या घरी येत्या आठवड्यात वर्गशिक्षक येतील. चहा ठेवू नये, वेळ थोडा असतो.